विजयानंतरचा दिवस : पालखेड, खर्डा आणि हैदराबाद

महाभारताच्या अठरा पर्वांत शांतिपर्व सर्वांत मोठे आहे, आणि त्याचा आरंभ युद्ध संपल्यानंतर होतो. कुरुक्षेत्र जिंकलेला युधिष्ठिर शरपंजरी पडलेल्या भीष्मांना राजधर्म विचारतो. जिंकल्यावर काय करावे या प्रश्नाला व्यासांनी एवढी जागा दिली, ही गोष्ट युद्धेतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे. हैदराबादच्या राज्याशी निगडित असे तीन प्रसंग या दृष्टीने पाहिले असता आजच्या संघर्षांवरही पुष्कळ प्रकाश पडतो.

पहिला प्रसंग पालखेडचा. आसफजाही राज्याचा संस्थापक निजाम-उल्-मुल्क याने १७२७ साली शाहू महाराजांची चौथाई रोखली आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेऊन, खरा छत्रपती कोण हे आधी ठरू द्या, अशी भूमिका घेतली. त्याचा तोफखाना मोठा होता. समोरासमोर गाठ घालणे मराठ्यांच्या हिताचे नव्हते. म्हणून बाजीरावांनी जालना, खानदेश, गुजरात असा मुलूख तुडवीत त्याला हुलकावण्या दिल्या. निजाम पुण्यावर चालून गेला, तेव्हा त्यांनी औरंगाबादेचा रोख धरला. ते शहर वाचविण्यासाठी निजामाला माघारी धावावे लागले, आणि त्या घाईत जड तोफा मागे राहिल्या. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेड येथे त्याचे सैन्य वेढले गेले. धान्य तुटले, पाणी तुटले, आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेचा मुक्तकंठाने गौरव केला आहे.

हा गौरव बहुधा घोडदौडीच्या वाट्याला येतो. तहाकडे लक्ष कमी जाते. वस्तुतः बाजीरावांनी मागितले ते मोहिमेच्या मूळ हेतूपुरतेच. चौथाई-सरदेशमुखीचा शाहूंचा हक्क मान्य व्हावा आणि संभाजीराजांना दिलेला आश्रय सुटावा, एवढी ती मागणी होती. निजामाचे राज्य बुडविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. वैर त्यामुळे संपले नाही. १७३७ साली भोपाळला दोघे पुन्हा समोरासमोर आले. तथापि ज्या कारणासाठी शस्त्र उचलले, ते कारण साधले.

दुसरा प्रसंग खर्ड्याचा. ११ मार्च १७९५ रोजी पेशवे, शिंदे, होळकर आणि भोसले यांच्या फौजा एकत्र आल्या आणि निजामअली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. येथेही पाण्याच्या टंचाईने त्याला टेकीस आणले. दौलताबादेसह मुलूख, कोट्यवधींची खंडणी आणि ओलीस म्हणून खुद्द त्याचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क, एवढे पुण्याच्या पदरात पडले. पालखेडपेक्षा हा विजय दिसावयास कितीतरी भव्य होता.

परंतु त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव निवर्तले आणि गादीच्या वारसाचा कलह पेटला. त्या कलहात नाना फडणीसांनाच बंदिवान दिवाणाचे साहाय्य घ्यावे लागले आणि खर्ड्याला मिळविलेले बहुतेक सारे परत देण्याचे त्यांनी मान्य केले. खर्ड्याच्या प्रसंगी इंग्रज तटस्थ राहिले होते, म्हणून निजामाने प्रथम फ्रेंच सरदार रेमाँ याच्या पलटणी वाढविल्या. त्याची समाधी हैदराबादेत आजही उभी आहे, आणि मुसाराम बाग हे नाव त्याच्याच नावाचा अपभ्रंश होय. रेमाँ मार्च १७९८ मध्ये वारला. सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि त्या पलटणी मोडल्या गेल्या. १८०२ च्या अखेरीस वसईला पेशव्यांनीही तशाच करारावर सही केली. खर्ड्याच्या विजयाला तेव्हा आठ वर्षेही झाली नव्हती.

तिसरा प्रसंग १९४८ चा. रझाकारांच्या अत्याचारांनी संस्थानातील प्रजा त्रस्त झाली होती. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरले, १७ तारखेस निजामाने युद्ध थांबविले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत हेतू पूर्ण झाला. परंतु त्या दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित नेहरूंनी नेमलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला, आणि तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे. आपल्यासारख्या धर्मनिष्ठ वाचकांनी ही दोन्ही पाने वाचली पाहिजेत. मुक्तीचा आनंद खरा असला, तरी त्यामुळे दुसरे पान कोरे होत नाही.

आता आधुनिक युद्धाकडे वळू. २० मार्च २००३ रोजी अमेरिकेने इराकवर स्वारी केली आणि ९ एप्रिलला बगदाद पडले. २३ मे रोजी तेथील नव्या प्रशासनाने इराकी सैन्य बरखास्त केले. लाखो शस्त्रशिक्षित माणसे एका हुकमाने बेकार झाली, बंडाळी माजली, आणि तीन आठवड्यांत जिंकलेल्या देशातून बाहेर पडावयास २०११ चा डिसेंबर उजाडला. विमाने आणि क्षेपणास्त्रे नवी होती. उणीव मात्र खर्ड्याइतकीच जुनी होती.

यास्तव आजच्या कोणत्याही युद्धाची वार्ता वाचताना किती मुलूख घेतला एवढेच पाहून भागणार नाही. मागणी नेमकी कोणती आहे, ती पुरी झाल्यावर थांबण्याचा संयम विजेत्याच्या ठायी आहे काय, त्याच्या स्वतःच्या घरात एकोपा आहे काय, आणि हरलेल्या पक्षाच्या निःशस्त्र माणसांचे रक्षण दुसऱ्या दिवशी कोण करणार, हे प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे रणात उतरण्यापूर्वीच तयार असावी लागतात.