ड्रेसाज फ्रीस्टाइल : रचनेची आखणी

ड्रेसाज या अश्वारोहण प्रकारात संगीतावर सादर करायची, स्वाराने स्वतः बांधलेली रचना. ग्रां प्री या सर्वोच्च पातळीवर ती ६० × २० मीटरच्या रिंगणात साडेपाच ते सहा मिनिटांत बसवावी लागते. कोणत्या हालचाली हव्यातच हे नियमाने ठरलेले असते : लांब पावलांची दुडकी, दोन्ही बाजूंची तिरकी चाल, कॅंटर या झेपांच्या दौडीत जागच्या जागी गिरकी (पिरुएट), जागच्या जागी दुडकी (पियाफ), उंच पावलांची संथ दुडकी (पॅसाज) इत्यादी. क्रम मात्र स्वाराचा. निम्मे गुण तंत्राला, निम्मे कलेला.

आखणी गाण्यापासून सुरू होते असा समज आहे; खरे तर ती घोड्याच्या पायांपासून होते. सराव चित्रित करायचा आणि पुढच्या एका पायावर नजर ठेवून मिनिटभरातली पावले मोजायची. दुडकीत त्या पायाच्या प्रत्येक पावलाला दोन ठोके, मिनिटाला साधारण १५०. कॅंटरच्या झेपा मिनिटाला शंभराच्या आसपास. पॅसाज बराच संथ. त्या त्या लयीचे संगीताचे तुकडे शोधून, शक्यतो एकाच जातीचे, जोडले जातात. नेटक्या चालीच्या घोड्यावर भारदस्त वाद्यवृंद लादला की घोडाच हलका दिसतो. घोड्याला सम कळत नाही. ती गाठायची स्वाराने, कोपरा थोडा कापून किंवा खोल घेऊन.

कागदावरचा नकाशा म्हणजे थोडी लबाडीच. घोड्याचे हुकमी काम पंचांच्या समोर, मधल्या रेषेवर; डगमगते काम त्यांच्यापासून दूर. एका हातात लगाम धरणे, पिरुएटला जोडून लगेच कॅंटरचा आघाडीचा पाय बदलणे अशा गोष्टींनी काठिण्याचे गुण वाढतात, पण चूक झाली तर तंत्राचे आणि काठिण्याचे दोन्ही जातात. महत्त्वाकांक्षी आखण्या बहुधा इथेच कोसळतात.

ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल १९९६च्या अटलांटा स्पर्धेत आली. नेदरलँड्सच्या अँकी फान ग्रुन्सफेनने २०००, २००४ आणि २००८ अशी सलग तीन वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. लंडनमध्ये २०१२ साली ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिनने व्हॅलेग्रो या घोड्यावर, बिग बेनचे ठोके असलेल्या संगीतासह ९०.०८९ टक्के मिळवले. २०१४ साली तिथल्याच ऑलिंपिया सभागृहात हीच जोडी ९४.३०० टक्क्यांवर पोहोचली. भारताच्या अनुष अगरवालाने २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत एट्रो या घोड्यावर फ्रीस्टाइलमध्ये ७३.०३० टक्के मिळवून वैयक्तिक कांस्यपदक घेतले.