मिशन आणि मंडळी

मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या धर्मसंघासाठी 'मंडळी' हा शब्द स्वीकारला, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. चर्च म्हणजे इमारत, मिशन म्हणजे परदेशातून धाडलेले कार्य, आणि मंडळी म्हणजे माणसे. आपण घरात 'मंडळी जेवायला बसली' म्हणतो तेव्हा ज्या आपलेपणाने तो शब्द येतो, तोच आपलेपणा या शब्दात आहे. परंतु मिशनने स्थापिलेली संस्था आणि गावात नांदणारी मंडळी या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीतून दुसरी कशी निर्माण झाली, कोठे झाली नाही, आणि का झाली नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो आमच्या वर्धा-नागपूर भागापुरता आम्ही मर्यादित ठेवीत आहोत. अल्लीपूरहून सेवाग्राम फार दूर नाही, आणि नागपूरही एका दिवसाच्या जाण्यायेण्याच्या टप्प्यात आहे. या प्रश्नाची दोन महत्त्वाची पर्वे याच दोन ठिकाणी घडली आहेत.

प्रारंभ नागपूरचा. १८४३ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले. त्याच सुमारास मद्रासच्या सैन्यातील हिल नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने नागपुरात मिशन स्थापण्यासाठी स्वतःजवळची रक्कम देऊ केली. ती स्वीकारून फ्री चर्चने स्टीफन हिस्लॉप या तरुणास धाडले. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईत उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. इंग्रजांचे राज्य अद्याप आले नव्हते, ते १८५४ साली आले. तेव्हा 'राज्य आले आणि मागोमाग मिशन आले' हे सर्वसाधारण समीकरण नागपुरास लागू पडत नाही. येथे मिशन आधी आले. मात्र इंग्रज रेसिडेंटाच्या व छावणीच्या सावलीत आले, हेही विसरता कामा नये.

हिस्लॉप यांनी मराठीचा अभ्यास केला आणि १८४६ साली शाळा काढली. पुढे १८८३ साली ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज निघाले ते हेच. दगडमाती, जीवाश्म, गोंडांची भाषा, त्यांची लिंगोची कथा, अशा अनेक गोष्टींत त्यांनी लक्ष घातले. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत त्यांनी या भागाच्या भूगर्भाचा जो अभ्यास केला, त्याची दखल युरोपातील विद्वानांनी घेतली. गोंड व इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहण्यास गेले होते. तेथील गावशाळेची तपासणी करून ते रात्री घोड्यावरून मुक्कामाकडे निघाले, आणि वाटेत पूर आलेल्या पाण्यात बुडून वारले. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास चारच दिवस उरले होते.

हिस्लॉप यांच्या विद्वत्तेविषयी आणि कष्टाळूपणाविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या कार्यातील खरी अडचण १८४८ सालच्या एका प्रकरणात दिसून येते. बाबा पांडुरंग नावाच्या एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखविली. हे प्रकरण दरबारापर्यंत आणि रेसिडेंटापर्यंत गेले. एका विद्यार्थ्याच्या श्रद्धेचा प्रश्न दोन सत्तांमधील कारभाराचा प्रश्न होऊन बसला. त्या तरुणाला काय वाटत होते, हे विचारण्याची जागाच त्या व्यवहारात राहिली नाही. हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढील शंभर वर्षांत या देशात धर्मांतराचा जो जो वाद झाला, त्याचा सांगाडा यात आहे : एका बाजूस समाज, दुसऱ्या बाजूस परकी संस्था, वर सरकार, आणि मध्ये तो माणूस.

आता या माणसाचे पुढे काय होई ते पाहू. जो ख्रिस्ती झाला त्याचे घर सुटले. पाणवठा सुटला, भावकी सुटली, लग्नसंबंध सुटले. १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद केली खरी, परंतु कोर्टात जाऊन वाटणी मिळविणे वेगळे आणि त्या वाड्यात नांदणे वेगळे. अशा माणसाला राहावयास जागा हवी, मुलांना शाळा हवी, पोटाला काम हवे. हे सर्व मिशन देई. त्यातून मिशनच्या आवारात बंगला, शाळा, दवाखाना, उपासनामंदिर आणि भोवती ख्रिस्ती कुटुंबांची घरे अशी एक वसाहत उभी राही. पाळकाचा पगार मिशन देई, शिक्षकाचा देई, शुभवर्तमान सांगत बाजारोबाजार हिंडणाऱ्या उपदेशकाचाही देई. हिवाळ्यात तंबू घेऊन दौरे निघत, आठवडी बाजारात झाडाखाली गाणे आणि उपदेश होई, आणि दौरा संपला की सर्व जण पुन्हा आवारात परतत.

मिशनने हे केले नसते तर नवख्रिस्ती माणूस उघड्यावर पडला असता, हे खरे. पण ज्या हातांनी त्याला आधार दिला, त्याच हातांवर तो अवलंबून राहिला, हेही तितकेच खरे. मायबाप सरकार या कल्पनेची सवय असलेल्या समाजाला मायबाप मिशनची सवय लागावयास वेळ लागला नाही. मंडळीची वर्गणी थोडी आणि परदेशातून येणारा पैसा पुष्कळ, अशा स्थितीत निर्णय कोणाच्या हाती राहणार हे सांगावयास नको. आणि गावाच्या दृष्टीने आवारातली माणसे ही आपली न राहता साहेबाची झाली.

दुष्काळांनी हा गुंता वाढविला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ मध्यप्रांतास फार भोवले. मिशनांनी अनाथ मुले गोळा केली, अन्न दिले, धंदे शिकविले. पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतात आल्या आणि येथून शेकडो मुली व विधवा घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनची वाढ त्यातून झाली. त्या मुली वाचल्या, लिहावाचावयास शिकल्या, आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. ज्या समाजाने त्यांच्याकरिता असे काही केले नाही, त्याने रमाबाईंना बोल लावताना थोडे थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि भुकेल्या मुलाने अन्नाबरोबर धर्मही घेतला तर त्यास श्रद्धा म्हणावे काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तो प्रश्न आमच्या प्रांतात पुढे पन्नास-साठ वर्षे धुमसत राहिला.

याच काळात मंडळीला स्वतःचा आवाज देणारा पुरुष पुढे आला. त्याच्या जीवनातील निर्णायक वळण आमच्याच प्रांतातील आगगाडीत आले. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता त्यांची अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या एका मिशनऱ्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी प्रथम किती यातना भोगल्या आणि पुढे स्वतः विचार करून १९०० साली त्या मार्गाने कशा गेल्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे.

मंडळीच्या इतिहासात टिळकांचे महत्त्व ते मोठे कवी होते एवढ्यापुरते नाही. त्यांच्यापूर्वी मराठी उपासनेत परकी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची वाट धरली होती. टिळकांनी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे जाण्याची गोष्ट केली आणि अभंग, पद, भजन ही आपली वाहने उपासनेत आणली. टाळ-मृदंगावर येशूचे नाव घेता येते, हे मंडळीस कळले. 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.

परंतु त्याहून धीट पाऊल त्यांनी १९१७ साली उचलले. मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्यास राहिले, आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र बसावेत अशी योजना होती. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार दिवस चालला नाही. तरी मिशनच्या पैशाशिवाय आणि आवाराच्या भिंतीशिवाय मंडळी असू शकते काय, हा प्रश्न एका मराठी ख्रिस्ती भक्ताने, त्यासाठी भाकरी सोडून, विचारून ठेवला.

या प्रश्नाची दुसरी बाजू आमच्या वर्ध्यात मांडली गेली. १९३६ साली महात्माजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. त्याच वर्षी जागतिक मिशन चळवळीचे अग्रणी जॉन मॉट त्यांना भेटावयास तेथे आले. महात्माजींची भूमिका सर्वश्रुत आहे : सेवा अवश्य करावी, परंतु तिच्या पोटात धर्मांतराचा हेतू नसावा. मिशनऱ्यांचे उत्तर असे की, जे सत्य आपणांस लाभले ते सांगण्याचे स्वातंत्र्य हाही श्रद्धेचाच भाग होय. दोन्ही बाजूंत प्रामाणिक माणसे होती, म्हणूनच तो वाद मोलाचा ठरला.

ज्यांना हा वाद शब्दांनी सुटेल असे वाटत नव्हते, त्यांनी कामाला हात घातला. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. येशूच्या शिकवणीवर त्यांनी तुरुंगात लिहिले, आणि बाहेर घाणी, गूळ, हातकागद यांचे प्रयोग केले. ख्रिस्ती असणे आणि खादीधारी असणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. दुसरीकडे, कुष्ठरोग्यांची सेवा हे तोवर बहुतांशी मिशनांचेच क्षेत्र होते. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे ती सेवा आरंभिली. ज्या सेवेमुळे मिशनांना लोकांच्या मनात जागा मिळाली होती, ती सेवा हिंदू कार्यकर्त्यांनी उचलावी, यात मिशनांचा पराभव पाहणे हा आमच्या मते कोतेपणा होय. ज्याचे अनुकरण होते, त्याचा तो गौरवच असतो.

स्वातंत्र्यानंतर, वर्धा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात असताना, सरकारने १९५४ साली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. नागपूर हायकोर्टाचे निवृत्त सरन्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष. ९९ प्रश्नांची प्रश्नावली निघाली, चौदा जिल्ह्यांत दौरे झाले, अकरा हजारांवर लोकांशी बोलणे झाले. समितीत एकच ख्रिस्ती सभासद होते आणि ते आमच्या वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात शिकवीत. प्रा. एस. के. जॉर्ज हे त्यांचे नाव. कायदेभंगाच्या चळवळीस पाठिंबा दिल्यामुळे १९३२ साली त्यांना कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील जागा सोडावी लागली होती. चर्चसंस्थांनी मात्र त्यांना आपले प्रतिनिधी मानण्याचे नाकारले. सरकारने त्यांना ख्रिस्ती म्हणून घेतले आणि ख्रिस्ती संस्थांनी गांधीवादी म्हणून दूर ठेवले. या माणसाची कोंडी हीच त्या काळच्या मंडळीची कोंडी होती.

१९५६ साली अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू अशा परकी मिशनऱ्यांनी परत जावे, दवाखान्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, अशा त्याच्या शिफारशी होत्या. ख्रिस्ती समाजात त्यावरून मोठा क्षोभ झाला, आणि अहवालाने एका सबंध समाजाकडे संशयाने पाहिले, या तक्रारीत तथ्य आहे असे आम्हांस वाटते. पण भारतीय चर्चांनी एक व्हावे आणि परकी मदतीवर अवलंबून राहू नये, अशीही एक शिफारस त्यात होती. ती नीटशी वाचली गेली नाही.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्या समारंभात दीक्षा घेणाऱ्यांत स्वतः डॉ. नियोगी होते. ज्यांनी धर्मांतराची चौकशी केली त्यांनीच धर्मांतर केले, यात थट्टेचा विषय नाही. परकी पैशावाचून, कोणाच्या आश्रयावाचून माणसे आपला धर्म बदलतात, हे त्या दिवशी सर्वांस दिसले. ज्या वस्त्यांत मिशनांनी शंभर वर्षे शाळा चालविल्या, त्या वस्त्यांतील माणसे दुसऱ्या मार्गाने का गेली, याचा विचार मंडळीने स्वतःशी करावयास हवा. आमचे उत्तर असे की, त्या माणसांना दान नको होते, मान हवा होता. आणि आवारातील जीवनाने मान देण्यापूर्वी आश्रितपण दिले.

यानंतर चौदा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, याच नागपुरात सहा चर्चसंघ एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनांच्या परंपरेतून आलेल्या मराठी मंडळ्या त्यात सामील झाल्या. नियोगींच्या शिफारशीमुळे हे घडले असे कोणी म्हणणार नाही. त्याची तयारी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी कितीतरी आधीपासून चालविली होती. परंतु टीकाकाराने जे बाहेरून सांगितले आणि टिळकांनी जे आतून सांगितले, ते एकाच दिशेचे होते, हे इतिहासाने दाखविले.

मग मिशनचे फलित कोणते मानावे? बाप्तिस्म्याच्या वहीतील आकडे हे एक माप आहे, पण ते मंडळीचे माप नव्हे. पाळकाचा पगार गावातल्या वर्गणीतून निघतो काय, उपासनेत आपली भाषा आणि आपला सूर आहे काय, शेजाऱ्याच्या सुखदुःखाला मंडळी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता धावते काय, आणि शेजारीही तिच्या दारात संकोचावाचून येतो काय, ही आमची मापे आहेत. यांतील शेवटचे माप एकट्या ख्रिस्ती माणसाच्या हाती नाही, तुमच्याआमच्या हाती आहे. आवाराची भिंत मिशनने बांधली हे खरे; पण गावाने पाणवठा बंद केला म्हणून ती बांधावी लागली, हेही खरे. ती भिंत दोन्ही बाजूंनी उतरविली गेली, तरच मंडळी हा शब्द सार्थ होईल.