मानसिक प्रथमोपचार : विद्यापीठात याची गरज कोणाला?

जखम झाली तर काय करावे, हे शाळेतच शिकवले जाते. मन कोलमडलेल्या माणसापाशी कसे बसावे, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. ही उणीव ओळखून ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या दांपत्याने मानसिक आरोग्य प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. हे प्रशिक्षण रोगनिदान शिकवत नाही. तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत सोबत कशी करावी, एवढाच त्याचा विषय.

भारतात या विषयाला आता न्यायालयीन आधार मिळाला आहे. सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार शिक्षणसंस्थांनी शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार आणि धोक्याच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावयाचे आहे. यातला ‘शिक्षकेतर’ हा शब्द विशेष महत्त्वाचा. एखादी मुलगी चार दिवस जेवायला आली नाही, हे विभागप्रमुखांच्या आधी खाणावळीतल्या मावशींना कळते. रात्र रात्र जागणारा मुलगा वसतिगृहाच्या रखवालदाराला दिसतो.

एकलकोंडेपणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरवानिरवीची भाषा या खुणा दिसल्यास एकांतात विचारपूस करावी आणि मध्ये न तोडता ऐकावे. ‘हिंमत ठेव’, ‘आईवडिलांचा विचार कर’ ही वाक्ये सद्भावनेने उच्चारली जातात, पण ऐकणाऱ्याला ती दटावणीसारखी लागतात. सर्वांत अवघड प्रश्न स्पष्ट शब्दांतच विचारायचा असतो : ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. उलट कोणीतरी विचारले याने अनेकांना हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. पोलीस प्रकरण होईल या भीतीने मित्र गप्प बसतात. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे.

मानसोपचारतज्ज्ञ नसलेली माणसेही योग्य प्रशिक्षणानंतर या कामी उपयोगी पडतात, हे गोव्याला नवे नाही. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने स्थानिक समुपदेशकांना तयार करून गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत हे दाखवून दिले आहे. अर्थात एकदिवसीय कार्यशाळा म्हणजे समुपदेशक नव्हे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असेही न्यायालयाने सांगितले आहे. पाठवायला पुढे कोणीच नसेल, तर प्रशिक्षित रखवालदार तरी काय करणार? ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठापासून बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था दूर नाही. ‘टेली मानस’ची १४४१६ ही विनाशुल्क सेवा मराठीसह अनेक भाषांत अहोरात्र उपलब्ध आहे.