फिरत्या इंजिनाची कुळकथा

मोटारीचें साधें इंजिन ज्यानें एकदां उघडून पाहिलें असेल, त्याला एक विसंगति सहज जाणवली असेल. फिरावयाचें असतें चाकांना. परंतु त्यांना फिरविणारा दट्ट्या मात्र सिलिंडरांत खालींवर धांवत असतो. दांड्याच्या प्रत्येक फेरींत तो दोनदां थबकतो आणि दोनदां उलट दिशेस वळतो. या खालींवर धांवण्याला फिरण्याचें रूप देण्यासाठीं क्रँक, जोडदांडे, झडपा असा मोठा संसार मांडावा लागतो. जातें जसें एकाच दिशेनें अखंड फिरतें, तसें इंजिनच कां फिरूं नये, हा प्रश्न म्हणून फार जुना आहे.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर मोठें धाडसाचें होतें. दांडा स्थिर ठेवावयाचा आणि सिलिंडरच त्याच्याभोंवतीं गरगर फिरवावयाचे, अशी ती योजना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेलिक्स मिले या फ्रेंच गृहस्थानें मोटारसायकलच्या मागील चाकांत असें पांच सिलिंडरांचें इंजिन बसविलें. पुढें पॅरिसच्या सेगें बंधूंचें ‘नोम’ इंजिन याच तत्त्वावर निघालें आणि पहिल्या महायुद्धांतील कितीतरी विमानें या जातीच्या इंजिनांवर उडालीं. १९२१ पासून कांहीं वर्षें म्युनिक येथें ‘मेगोला’ नांवाची मोटारसायकल तयार होत असे. तिचे पांच सिलिंडर पुढच्या चाकांतच फिरत. तिला क्लच नव्हता आणि गिअरही नव्हते. त्यामुळें वाटेंत थांबावयाचें तर इंजिनच बंद करावें लागे. एवढें वजन फिरतें ठेवण्याचे तोटे हळूहळू ध्यानीं आले आणि तो मार्ग मागें पडला.

दुसरें उत्तर शोधणारा माणूस फेलिक्स वांकेल. त्याचा जन्म १९०२ सालीं जर्मनींतील लार या गांवीं झाला. वडील जंगलखात्यांत होते. ते पहिल्या महायुद्धाच्या आरंभींच पडले. घरच्या स्थितीमुळें विश्वविद्यालयाचें शिक्षण त्याला मिळालें नाहीं. हायडेलबर्ग येथें पुस्तकें प्रसिद्ध करणाऱ्या एका संस्थेंत नोकरी करून त्यानें स्वतःचें लहानसें कर्मशाळेचें दुकान थाटलें, आणि १९२९ मध्यें फिरत्या यंत्राचें पहिलें पेटंट मिळविलें. या माणसाच्या चरित्राला एक काळी बाजू आहे, ती झांकून ठेवणें इतिहासाला शोभणार नाहीं. तो तरुणपणींच नाझी पक्षांत शिरला होता. पक्षांतील भांडणामुळें १९३३ सालीं त्याला कांहीं महिने तुरुंगांत काढावे लागले. तरीही पुढें नाझी राजवटीच्या विमानखात्यासाठीं त्यानें काम केलें. युद्धाच्या शेवटीं फ्रेंचांनीं त्याची कर्मशाळा उखडली व त्यालाही कैदेंत टाकलें.

१९५१ मध्यें नेकार्सुल्म येथील एन्‌एस्‌यू या मोटारसायकली बनविणाऱ्या कंपनीनें वांकेलशीं करार केला. १ फेब्रुवारी १९५७ रोजीं त्याचें इंजिन प्रथम चाललें. पण त्यांत रोटर आणि त्याभोंवतींची कोठी हीं दोन्ही फिरत. साधा प्लग बदलावयाचा तरी सारें यंत्र सोडावें लागे. तेव्हां कंपनीच्या हान्स डीटर पाश्के या इंजिनियरानें कोठी स्थिर केली व रोटर तेवढा फिरता ठेवला. आपल्या शर्यतीच्या घोड्याचें यांनीं नांगराचें जनावर केलें, अशी तक्रार वांकेलनें केल्याचें सांगतात. परंतु जगाच्या रस्त्यांवर धांवलें तें हें नांगराचें जनावरच!

या इंजिनाची रचना श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. मधोमध किंचित् चिमटलेली लंबगोल कोठी आहे. तींत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर आडबाजूस बसविलेल्या चक्रावर डोलत फिरतो आहे. त्याचीं तिन्ही टोकें भिंतीस सदैव चिकटलेलीं असल्यामुळें कोठींत तीन कप्पे पडतात आणि फिरतां फिरतां ते लहानमोठे होत राहतात. एका कप्प्यांत पेट्रोल-हवेचें मिश्रण शिरतें, दुसऱ्यांत तें दाबलें जाऊन पेटतें, तिसऱ्यांतून जळलेला वायु बाहेर पडतो. रोटरची एक फेरी होते तोंवर मुख्य दांड्याच्या तीन फेऱ्या होतात, आणि दांड्याच्या दर फेरीस एक स्फोट मिळतो. झडपा नाहींत, धक्के नाहींत. लहान देहांत मोठी शक्ति.

दोष होता तो नेमका त्या तीन टोकांशीं. तेथें बसविलेल्या पट्ट्या भिंतीवर रात्रंदिवस घांसत. त्या झिजल्या कीं एका कप्प्यांतील वायु दुसऱ्यांत शिरे व सारा खेळ आटोपे. शिवाय पेटण्याची जागा लांबट व चपटी. त्यामुळें उष्णता वायां जाई आणि कांहीं इंधन न जळतांच बाहेर पडे.

हा दोष पुरता निघण्यापूर्वींच एन्‌एस्‌यूनें बाजार गांठला. १९६४ मध्यें ‘स्पायडर’ ही लहान मोटार आणि १९६७ मध्यें ‘आर्‌ओ ८०’ ही डौलदार मोठी मोटार निघाली. दुसरीला युरोपांतील वर्षाची सर्वोत्तम मोटार म्हणून मान मिळाला. पण गिऱ्हाइकांच्या हातीं पडल्यावर पट्ट्या झिजूं लागल्या. हमी दिलेली असल्यानें कंपनी इंजिनांमागून इंजिनें बदलून देत राहिली. रस्त्यांत दोन आर्‌ओ ८० समोरासमोर आल्या कीं चालक एकमेकांस बोटें दाखवीत, आणि तीं बोटें म्हणजे आजवर बदललेल्या इंजिनांची संख्या, असा विनोद रूढ झाला. १९६९ सालीं एन्‌एस्‌यू फोक्सवागनच्या छत्राखालीं गेली. सुमारें ३७ हजार गाड्या काढून १९७७ मध्यें आर्‌ओ ८० बंद झाली आणि मोटारींवरील एन्‌एस्‌यू हें नांवही तिच्याबरोबर संपलें.

आतां हिरोशिमाकडे वळावें. तेथील तोयो कोग्यो ही कंपनी १९२० मध्यें बुचाच्या लाकडाच्या धंद्यासाठीं निघाली. पुढें ती ‘माझ्दा’ नांवानें तीनचाकी मालगाड्या बनवूं लागली. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं शहरावर अणुबाँब पडला, तेव्हां मध्यें एक टेकडी आड आल्यानें तिचा कारखाना वांचला आणि प्रांताच्या सरकारी कचेऱ्यांस कांहीं काळ तेथेंच आसरा मिळाला. १९६० च्या सुमारास मात्र या कंपनीपुढें निराळेंच संकट आलें. लहान मोटार-कंपन्या मोठ्यांत विलीन कराव्यात, असा विचार जपानी सरकारांत चालला होता. स्वतंत्र राहावयाचें तर दुसऱ्या कोणापाशीं नाहीं असें कांहीं आपल्यापाशीं हवें, हें ओळखून अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा जर्मनीस गेले आणि वांकेल इंजिनाचा परवाना घेऊन आले.

परवाना मिळाला, पण त्याबरोबर दोषही मिळाला. कोठीच्या भिंतीवर ओरखडे उठत. कामगार त्यांना ‘सैतानाचीं नखें’ म्हणत. केनिची यामामोतो या इंजिनियराच्या हाताखालीं ४७ जणांचें पथक नेमण्यांत आलें. धन्याच्या अपमानाचा सूड घेण्यासाठीं दीर्घकाळ वाट पाहणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानांत घरोघर ठाऊक आहे. तेंच नांव या पथकालाही पडलें. नाना पदार्थांच्या पट्ट्या घांसून पाहतां पाहतां शेवटीं कार्बन व ॲल्युमिनिअम यांच्या मिश्रणाची पट्टी टिकाऊ ठरली. मे १९६७ मध्यें ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस निघाली.

१९७३ सालीं अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले आणि अधिक पेट्रोल पिणाऱ्या या गाड्यांकडे अमेरिकेंतील गिऱ्हाइकानें पाठ फिरविली. तोयो कोग्यो डबघाईस आली; बँकेच्या आधारानें ती कशीबशी तगली. जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य कंपनीनेंही आपला बेत सोडून दिला. मोटारसायकलींची कथा याहून वेगळी नाहीं. जपानच्या सुझुकीनें १९७४ मध्यें ‘आर्‌ई ५’ आणली आणि दोनएक वर्षांतच बंद केली. इंग्लंडच्या नॉर्टन कंपनीनें मात्र चिकाटी धरली. १९९२ मध्यें स्टीव्ह हिस्लॉप यानें तिच्या फिरत्या इंजिनाच्या गाडीवर आइल ऑफ मॅन येथील सीनियर टी. टी. शर्यत अवघ्या साडेचार सेकंदांच्या आंत जिंकली.

हिरोशिमाच्या लोकांनीं बाकी हा नाद सोडला नाहीं. इंधनाचा खर्च उतरवीत त्यांनीं १९७८ मध्यें ‘आर्‌एक्स ७’ काढली. २००२ पर्यंत ती आठ लाखांहून अधिक निघाली. जून १९९१ मध्यें फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतींत त्यांची चार रोटरांची ‘७८७ बी’ पहिली आली. जपानी कंपनीला हा मान तेव्हां प्रथमच लाभला. पुढें धुराचे नियम कडक होत गेले आणि २०१२ मध्यें ‘आर्‌एक्स ८’ थांबली. २०२३ सालीं तेंच इंजिन विजेच्या मोटारींत वीज निर्माण करण्याच्या दुय्यम कामासाठीं पुन्हां बसविण्यांत आलें.

वांकेल १९८८ सालीं वारला. दृष्टि अधू असलेल्या या गृहस्थानें जन्मभर मोटार चालविण्याचा परवाना घेतला नव्हता. त्याच्या कल्पनेला जन्म दिला नेकार्सुल्मनें आणि वाढविलें हिरोशिमानें. देवकी-यशोदेचेंच हें नातें. दोघांच्या हातीं एकच यंत्र व एकच दोष आला होता. एकीनें तो दोष गिऱ्हाइकाच्या दारीं नेला आणि दुसरीनें आधीं तो आपल्या कारखान्यांत काढला. एकीचें नांव पुसलें गेलें आणि दुसरी टिकली, यांतील बराचसा उलगडा एवढ्या एका फरकांत सांपडतो.