क्योतोचे खेळयंत्र आणि आपला मुलूख

फुलांची चित्रे असलेले हानाफुदा पत्ते तयार करण्यासाठी जपानातील क्योतो नगरीत 1889 साली स्थापन झालेल्या निन्टेन्डो या पेढीने 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अथवा ‘फॅमिकॉम’ हे यंत्र 14,800 येन किमतीस विक्रीस काढले, आणि घरातील दूरचित्रवाणी संच, जो तोवर बहुधा केवळ पाहण्याची वस्तू होता, तो खेळण्याचेही साधन झाला. हा प्रयत्न जपानात पहिला नव्हता. परंतु खेळ बदलता येणारी कॅसेट, अल्प किंमत आणि खेळांची विपुलता यांचा इतका यशस्वी संयोग पूर्वी साधला नव्हता.

या यंत्राचे शिल्पकार मासायुकी उएमुरा होत. आरंभीच्या काही यंत्रांतील चिप सदोष निघाली, तेव्हा पेढीने मोठा तोटा सोसून माल परत घेतला व दुरुस्त करून दिला. या सचोटीचे फळ तिला पुढे मिळाले. यंत्राची कार्यस्मृती अवघी 2 किलोबाइट. शिगेरू मियामोतो यांचा 13 सप्टेंबर 1985 रोजी प्रसिद्ध झालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा या यंत्रावरील संपूर्ण खेळ कॅसेटमधील सुमारे 40 किलोबाइटांत सामावलेला आहे. जागेच्या काटकसरीसाठी त्यातील ढग आणि झुडपे एकाच आकृतीची, केवळ रंग पालटून, रेखाटली आहेत. साधनांच्या दारिद्र्यातून प्रतिभेने असे ऐश्वर्य निर्माण करावे, हेच या कलेचे खरे वैभव होय.

हिंदुस्थानात मात्र उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर त्या काळी परवान्यांचा कडक अंमल असल्याने नव्वदीच्या दशकात येथील घरांत बहुधा मूळ यंत्र न येता त्याच्या परदेशी नकला आल्या. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ, त्यांत ‘कॉन्ट्रा’, ‘सर्कस चार्ली’, ‘बॅटल सिटी’. कोठे यंत्र विकत घेतलेले, कोठे तासाच्या भाड्याने खेळायचे. ही यंत्रे लहान गावी कशी आली, याचे आपल्याकडचेच उदाहरण घ्या: मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा मराठी मुलूख 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला, तरी त्याची मोठी पेठ नागपूरच; सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा अरुंदमापी आगगाडी 2015 पर्यंत या दळणवळणाची साक्ष देत होती. अशा पेठांच्या वाटेनेच नवलाईच्या वस्तू तालुक्यांच्या गावी पोहोचत. नकलेने खेळ सामान्यांच्या आवाक्यात आणला, हे तिचे श्रेय. पण निर्मात्यांची नावे तिने पुसून टाकली, हा तिचा अपराधही तितकाच खरा. उएमुरा 2021 साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या यंत्राच्या नकलांवर बालपण घालविलेल्या आपल्याकडील कित्येकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

आपल्या गावोगावी या व्यवसायाचे दफ्तर बहुधा कोणी राखलेले नाही. म्हणून ज्यांनी ती यंत्रे विकली, दुरुस्त केली वा भाड्याने दिली, त्यांच्या आठवणी आणि जमाखर्चाच्या वह्यांतील तपशील ग्रामग्रंथालयांनी व शिक्षकांनी वेळीच टिपून घ्याव्यात, आणि त्या नोंदींत मूळ कारागिरांची नावेही आदरपूर्वक लिहावीत, ही विनंती.