गाळातील साक्ष : गालापागोसच्या देशी वनस्पतींचा शोध

पॅसिफिक महासागरात विषुववृत्तावर वसलेली गालापागोस बेटे ज्वालामुखींतून जन्मली असून सुमारे १,००० किलोमीटर पूर्वेस असलेल्या दक्षिण अमेरिकेच्या भूमीशी ती कधीही जोडलेली नव्हती; त्यामुळे तेथील प्रत्येक वनस्पती, निदान तिचा पूर्वज, केव्हातरी समुद्र ओलांडूनच आलेला आहे. मग देशी कोणाला म्हणावे? वारा, सागरी प्रवाह किंवा पक्षी यांच्यामार्फत जी पोचली ती देशी आणि माणसाने जाणूनबुजून वा नकळत आणली ती विदेशी, अशी वनस्पतिशास्त्राची कसोटी आहे. देशी वनस्पतींपैकी जी या बेटांखेरीज जगात अन्यत्र कोठेही उगवत नाही, तिला प्रदेशनिष्ठ म्हणतात आणि तिच्या मूळ वस्तीविषयी सहसा वाद होत नाही. वाद होतो तो जगात इतरत्रही आढळणाऱ्या वनस्पतींचा, कारण त्या बेटांवर कोणत्या वाटेने आल्या हे त्यांच्या रूपावरून कळत नाही.

या बेटांचा लिखित इतिहास १५३५ मध्ये सुरू होतो. पनामाचा बिशप तोमास दे बर्लांगा पेरूकडे निघाला असता वारा पडल्याने त्याचे जहाज प्रवाहाबरोबर येथे येऊन पोचले आणि पाण्यावाचून हवालदिल झालेल्या खलाशांनी निवडुंगाच्या फड्या पिळून तहान भागवली. गालापागोसच्या वनस्पतींचा हा पहिला लेखी उल्लेख तहानेपोटी झाला, शास्त्रीय कुतूहलापोटी नव्हे. पुढे चाचे आणि देवमाशांची शिकार करणारी जहाजे येत राहिली. १८३२ मध्ये इक्वेडोरने बेटे ताब्यात घेऊन त्यांतील फ्लोरेआना बेटावर वसाहत केली, आणि १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन या बेटांवर आला तेव्हा रताळी व केळी यांची लागवड त्याच्या दृष्टीस पडली. त्याने गोळा केलेल्या वनस्पतींचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने केला आणि १८४७ मध्ये बेटांच्या वनस्पतींवरील पहिला शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. वनस्पती गोळा करताना डार्विनने त्या कोणत्या बेटावरच्या, याची नोंद काटेकोरपणे ठेवली होती आणि हूकरच्या निष्कर्षांना वजन आले ते त्यामुळेच.

परंतु बर्लांगा आणि डार्विन यांच्यामध्ये तब्बल ३०० वर्षे आहेत. या काळात जहाजांतील धान्य, जनावरांचा चारा आणि कपड्यांना चिकटलेल्या बिया यांतून काय काय किनाऱ्याला लागले, याची कोणीही नोंद ठेवली नाही. म्हणून जुन्या यादीत असलेली वनस्पती देशीच असेल, असे म्हणता येत नाही, आणि उशिरा नोंदली गेलेली परकीच असेल, असेही नाही. तरीही विसाव्या शतकातील याद्यांना याच आधारांवर विसंबावे लागले: नोंद केव्हाची, वनस्पती शेतांच्या व वाटांच्या कडेला वाढते की दाट रानात, आणि जगात तिचा प्रसार किती. ज्यांचा निर्णय लागेना त्यांना ‘संशयित देशी’ अशा वेगळ्या वर्गात ठेवले गेले.

माणसाच्या आगमनापूर्वीची साक्ष अखेर गाळाने दिली. परागकणाचे बाह्य कवच अत्यंत चिवट असते. दलदलीत प्राणवायू कमी असल्याने ते हजारो वर्षे टिकते, आणि दरवर्षी साचणाऱ्या थरांत त्या त्या काळातील झाडांचे पराग गाडले जातात. सान क्रिस्तोबाल बेटावरील एल हुंको सरोवराच्या तळातून असा गाळ १९६० च्या दशकातच काढला गेला होता. पुढे सांता क्रूझ बेटाच्या डोंगरमाथ्यावरील दलदलींतही पोकळ नळी खोल रोवून गाळाचा उभा स्तंभ बाहेर काढण्यात आला. त्याचे थर आम्लांत उकळून, खनिजे विरघळवून, उरलेले पराग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले गेले आणि किरणोत्सारी कर्बाच्या साह्याने थरांचे वय ठरवले गेले. जॅकलिन व्हान लेऊवेन, सिंथिया फ्रॉइड, कॅथरीन विलिस आदी संशोधकांनी २००८ मध्ये जाहीर केलेल्या या निष्कर्षांनुसार परक्या किंवा संशयित मानलेल्या किमान सहा वनस्पती माणूस येण्याच्या हजारो वर्षे आधीपासून तेथे होत्या.

त्यांतील एक जास्वंदीच्याच प्रजातीतील, पिवळ्या पाकळ्यांची, मध्यभागी गडद तांबडा डाग असलेली आणि खोडावर काटे असलेली हिबिस्कस डायव्हर्सिफोलियस होय. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळत असल्याने तिच्याकडे उपरी म्हणून पाहिले गेले आणि तण समजून ती उपटलीही जात होती. जास्वंदीच्या कुळाचे परागकण मोठे व काटेरी असल्यामुळे गाळात ते सहज ओळखू येतात, आणि या झुडपाच्या बाबतीत गाळाचा पुरावा निर्णायक ठरला तो त्यामुळे. रानातील तण काढणे हे आवश्यकच काम आहे, कारण महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचा पेरू आणि घाणेरी या दोघांनीही गालापागोसमध्ये माणसाबरोबर शिरून मूळ रानाला ग्रासले आहे. पण त्याच बेटांवर पेरूच्या आणि घाणेरीच्या प्रजातींतील एकेक प्रदेशनिष्ठ वनस्पतीही आहे, त्यामुळे जवळचे नाते पाहून कोणाला उपटायचे हे ठरवणे धोक्याचे आहे.

गाळाची साक्ष सर्वत्र मिळत नाही. गवतांचे पराग एकमेकांसारखेच असल्याने त्यांवरून जाती वेगळ्या करता येत नाहीत. तेथे गाळात टिकलेल्या बिया शोधाव्या लागतात. शिवाय दलदली आहेत त्या दमट माथ्यांवर, तर बेटांचा मोठा भाग कोरडा, निवडुंगांचा आहे, आणि तेथे पराग साठवणारा ओला गाळच नाही. अशा ठिकाणच्या वनस्पतींसाठी मुख्य भूमीवरील नातलगांशी जनुकीय तुलना करून दोघांची फारकत केव्हा झाली असावी, याचा अंदाज बांधावा लागतो. ती फारकत माणसाच्या आगमनाहून फार जुनी निघाली, तर त्या वनस्पतीला आणण्यात माणसाचा हात नव्हता असे मानता येते.