श्वासनलिका-विस्फारक औषधांचा श्वासावाटे वापर

श्वासनलिकांच्या भिंतींतील अनैच्छिक स्नायू आकुंचित होऊन अरुंद झालेला हवेचा मार्ग ज्या औषधांनी पुन्हा मोकळा होतो, त्यांना श्वासनलिका-विस्फारके म्हणतात. दमा आणि दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार (सीओपीडी) या दोन्ही रोगांत ती वापरली जातात. ही औषधे श्वासावाटे घेण्याचे मुख्य कारण मात्रेत आहे. सॅल्ब्युटामॉलची लहान गोळी २ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या गोळीच्या विसाव्या हिश्शाइतकेच औषध असते. ते थेट श्वासनलिकांवर पडत असल्याने पाच मिनिटांच्या आत गुण येऊ लागतो आणि हातांचा कंप, छातीची धडधड व रक्तातील पोटॅशियम घटणे हे दुष्परिणाम गोळीच्या मानाने कमी राहतात. गोळी सौम्य आणि पंप मात्र ‘शेवटचा इलाज’, त्याची सवय लागते, ही रूढ समजूत म्हणून वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे.

श्वासावाटे औषध घेण्याची रीत जुनी आहे. धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढून दम शमवण्याचा भारतीय उपाय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमार्गे इंग्लंडात पोहोचला. धोतऱ्यातील ॲट्रोपीन गटाची द्रव्ये श्वासनलिका सैल करतात खरी, पण त्यांची मात्रा ठरवता येत नाही आणि भ्रम, हृदयाची अनियमितता व मृत्यू यांचा धोका राहतो. त्याच गटातून पुढे सिद्ध झालेले इप्राट्रोपियम हे औषध मात्र मोजून देता येते. मोजका फवारा देणारा पंप रायकर या अमेरिकी कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणला. त्यातील आयसोप्रिनॅलीन हृदयालाही उत्तेजित करीत असे. मुख्यत्वे श्वासनलिकांवर काम करणारे सॅल्ब्युटामॉल १९६९ पासून ब्रिटनमध्ये मिळू लागले, आणि भारतात असे पंप तयार करण्यास मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७८ मध्ये आरंभ केला.

पंप लागण्याची वेळ आणणारी कारणे ठिकाणानुसार बदलतात. उदाहरणार्थ, विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हा कापूस पिकवणारा तालुका असल्याने तेथे श्वासाचे त्रास बळावण्याची कारणे शेताशी आणि चुलीशी जोडलेली आहेत. वाळलेल्या पऱ्हाट्या व लाकूड जाळणाऱ्या चुलीचा धूर कोंदट घरात वर्षानुवर्षे छातीत गेल्याने विडीला कधी न शिवलेल्या स्त्रियांनाही दीर्घकालीन अवरोधी विकार जडतो, आणि कापसाच्या धुळीत सतत काम करणाऱ्यांना, विशेषतः सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी, छाती आवळल्यासारखी वाटते. विस्फारक यांपैकी कोणतेही कारण दूर करीत नाही.

उपकरणे मुख्यतः दोन प्रकारची असून त्यांत श्वास ओढण्याची रीत परस्परविरुद्ध आहे. बहुतेक चुका या एका मुद्द्यापाशी होतात. दाबाखालील औषधाचा पंप प्रथम नीट हलवावा, नवा असल्यास किंवा बरेच दिवस न वापरल्यास माहितीपत्रकात सांगितले असतील तितके फवारे हवेत सोडावेत, टोपण काढल्यावर तोंडाच्या भागात काही अडकलेले नाही हे पाहावे. मग श्वास पूर्ण सोडून ओठ घट्ट मिटावेत आणि हळू, खोल श्वास घेण्यास सुरुवात करतानाच डबी दाबावी. त्यानंतर सुमारे दहा सेकंद श्वास रोखून धरावा व दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने घ्यावा. कोरड्या भुकटीच्या उपकरणात मात्र श्वास जोराने आणि वेगाने ओढावा लागतो, कारण भुकटी उडवणारा जोर रुग्णाच्या श्वासातूनच येतो. त्यात फुंकर मारल्यास ओलाव्याने भुकटी चिकटते. या उपकरणात घालायची भुकटीची कॅप्सूल गिळण्यासाठी नसते, हे औषध देणाऱ्याने तोंडी सांगणे आवश्यक आहे, कारण ती दिसायला इतर कॅप्सूलसारखीच असते.

हात आणि श्वास यांचा मेळ न साधणाऱ्या मुलांना व वृद्धांना स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांमधील पोकळ नळकांडे, फार उपयोगी पडते. एक फवारा सोडून पाच-सहा वेळा साधा श्वास घेतला तरी पुरते. विकतचा स्पेसर नसल्यास ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे छिद्र पाडून काम भागते. दक्षिण आफ्रिकेतील मुलांवरील अभ्यासातून ही युक्ती १९९९ मध्ये उपयुक्त ठरली. कोलाम आदिवासींच्या पोडांसारख्या दुर्गम वस्त्यांपर्यंत ती पोहोचवण्यास खर्च जवळजवळ लागत नाही.

सॅल्ब्युटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो आणि तो केवळ स्नायूंवर असतो. दम्याच्या मुळाशी असलेला श्वासनलिकांचा दाह त्याने कमी होत नाही. म्हणून २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात केवळ या औषधावर विसंबू नये, श्वासावाटे स्टेरॉइडही घ्यावे, असे सांगितले जाते. स्टेरॉइडानंतर चूळ भरावी. २०० फवाऱ्यांच्या तीन किंवा अधिक डब्या वर्षभरात संपत असतील तर तीव्र झटक्याचा धोका वाढलेला आहे असे समजून उपचार बदलून घ्यावेत. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंब विस्फारकाच्या विरुद्ध काम करतात, तेव्हा ते चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. तीव्र झटक्यात, वाक्य पुरे करता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत स्पेसरमधून एकेक करून चार ते दहा फवारे द्यावेत. पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी ते पुन्हा देता येतात.

पिकांवरील कीटकनाशक फवारणीच्या हंगामात एक फरक ओळखणे जीव वाचवणारे ठरते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने होणारी छातीची घरघर दम्यासारखी भासली तरी तिच्याबरोबर लाळ व घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि फुप्फुसांत स्राव भरतो. पंप हा त्यावरचा उपाय नव्हे. अंगावरचे कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी आणि रुग्णाला विनाविलंब ॲट्रोपीन मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पंप दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नये; डबीतील दाबामुळे ५० अंश सेल्सियसवर ती फुटू शकते आणि रिकामी डबीही भोसकू वा जाळू नये. पावसाळ्यात भुकटीच्या कॅप्सूल वापराच्या क्षणापर्यंत मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. मोजणी दाखवणारा आकडा नसलेल्या पंपात औषध किती उरले हे डबी पाण्यात तरंगते की बुडते यावरून पाहण्याची पद्धत भरवशाची नाही. वापरलेल्या फवाऱ्यांची नोंद ठेवणे हाच त्यावरचा मार्ग होय.